मोकळ्या कुरणाची वीस वर्षं

१८६५ साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्सासात माणसांपेक्षा गुरं कितीतरी जास्त होती. स्पॅनिश वसाहतवाल्यांनी काही पिढ्यांपूर्वी आणलेल्या गुरांचा हा वंश. लांबच लांब पसरलेली शिंगं, उंच हडकुळा बांधा, उन्हातान्हात काटेरी झुडपं खाऊनही तग धरणारा पिंड. युद्धाच्या चार वर्षांत पुरुष लढाईवर गेले, वासरांना मालकीचा डाग द्यायला कोणी उरलं नाही आणि ही लाँगहॉर्न गुरं बेवारशी रानात वाढत राहिली. टेक्सासात एका जनावराचे ४ डॉलर येण्याची मारामार, तर उत्तरेच्या बाजारात तेच जनावर ४० डॉलरला जाई. मधे शेकडो मैल गवत पसरलेलं होतं आणि रेल्वे नव्हती. पण जनावराला पाय होते आणि वाटेतलं गवत फुकट होतं. काउबॉयचा सगळा जमाना या हिशेबावर उभा राहिला.

पडद्यावरचा काउबॉय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. टोपी, पिस्तूल, क्षितिजाकडे निघालेला घोडा. माझं आजोळ कृष्णाकाठचं, गुरांच्या घरातलं. त्यामुळे असेल, पण मला लहानपणापासून त्या गोष्टीत वेगळंच काही विचारावंसं वाटायचं. दोन-तीन हजार जनावरं चालली आहेत, तर त्यांना पाणी कुठं पाजत होते? वाटेत गाय व्याली तर काय करत? थंडीत वैरण कोण घालत होतं? या प्रश्नांच्या मागे लागून मी जे जे वाचत गेले त्यात एक माणूस पुन्हा पुन्हा भेटत राहिला. त्याचं नाव चार्ल्स गुडनाइट. जन्म १८३६, मृत्यू १९२९. त्याच्या एका आयुष्यात हा सगळा काळ मावतो, त्यातल्या चांगल्या-वाईटासकट.

१८६६च्या जूनमध्ये गुडनाइट आणि त्याच्याहून चोवीस वर्षांनी मोठा ऑलिव्हर लव्हिंग यांनी अठरा माणसं आणि सुमारे दोन हजार गुरं घेऊन उत्तर टेक्सास सोडलं. सरळ वर जाण्याऐवजी ते आधी नैर्ऋत्येला गेले, कारण सरळ वाट कोमांची लोकांच्या मुलखातून जात होती. या वळशाची किंमत पाण्यानं वसूल केली. काँचो नदी सोडल्यावर पेकोस नदीपर्यंत जवळजवळ दीडशे किलोमीटर पाण्याचा थेंब नाही. गुरं तीन दिवस-रात्र चालवली. जिभा बाहेर आल्या, डोळे खोल गेले, बरीच वाटेत पडली. पेकोसच्या पाण्याचा वास आला तशी उरलेली उधळली आणि उंच काठावरून एकमेकांच्या अंगावर कोसळली. तहानेनं न मेलेली काही तिथं बुडाली. शेकडो जनावरं त्या एका टप्प्यात गेली.

उरलेली न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला पोचली आणि गुडनाइटच्या हाती १२,००० डॉलरचं सोनं पडलं. जिवंत वजनाला पौंडामागे ८ सेंट, म्हणजे उत्तम भाव. हा भाव का मिळाला, हे काउबॉयच्या गोष्टींत सहसा कोणी सांगत नाही. फोर्ट समनरजवळ बोस्के रेदोंदो नावाच्या जागी अमेरिकी लष्करानं आठ हजारांहून अधिक नावाहो लोकांना त्यांच्या घरादारातून शेकडो मैल चालवत आणून डांबलं होतं. तिथं पीक येईना, पाणी खारट, माणसं उपाशी. सरकारला त्यांना कसंतरी जगवायचं होतं आणि त्यासाठी मांस हवं होतं. एका जमातीच्या कैदेतून पहिली मोठी गिऱ्हाइकी उभी राहिली. १८६८ साली करार होऊन नावाहो आपल्या मुलखात परतले, पण तोवर गुडनाइट-लव्हिंगची वाट पडून गेली होती.

आता त्या वासरांबद्दल. वाटेत गाई व्यायच्याच. रात्रीत जन्मलेलं वासरू सकाळी कळपाच्या चालीनं चालू शकत नाही, आणि गाय त्याला सोडून हलत नाही. म्हणून रोज पहाटे, कूच करण्याआधी, एक माणूस ती सगळी नवी वासरं मारून टाकायचा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. पुढे गुडनाइटनंच वासरांसाठी वेगळी गाडी केली. दिवसभर वासरं त्या गाडीतून न्यायची आणि रात्री आईपाशी सोडायची. तरी अडचण आली, कारण गाडीत एकमेकांना घासून वासरांचे वास मिसळत आणि गाय आपलं वासरू ओळखेना. मग प्रत्येकाला स्वतंत्र पोत्यात ठेवायला लागले. गाय वासरू वासानं ओळखते, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण गाडी काढायची, पोती शिवायची, एवढा खटाटोप त्या धंद्यात कुणाला तरी करावासा वाटला, याची मी नोंद ठेवते.

हा धंदा मांसाचा होता. पुढची बरीचशी गुरं रेल्वेनं शिकागोच्या कत्तलखान्यांकडे गेली. १८६७ साली जोसेफ मकॉय नावाच्या व्यापाऱ्यानं कॅन्ससमधल्या ॲबिलीन या लहानशा वस्तीत, कॅन्सस पॅसिफिक रेल्वेच्या कडेला, लाकडी कोंडवाडे बांधले आणि टेक्सासात निरोप धाडले. पहिल्याच वर्षी ३५,००० गुरं तिथं आली. ज्या वाटेनं ती आली तिला जेसी चिझमचं नाव मिळालं. हा व्यापारी, अर्धा चेरोकी जमातीचा. त्याच्या गाड्यांच्या चाकोऱ्या आधीपासून त्या वाटेवर होत्या. त्यानं स्वतः तिथून कळप हाकले नाहीत, आणि १८६८ साली तो वारलाही.

अशा एका खेपेत अडीच-तीन हजार गुरांमागे दहा-बारा माणसं असत. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चाल, त्याहून जास्त हाकललं तर जनावर वाळतं आणि बाजारात भाव पडतो. म्हणजे ही चाल चरत चरतच व्हायची. पुढे दोघे जाणते, कडेनं काही, आणि सर्वांत मागं, लंगड्या-थकल्या जनावरांच्या धुळीत, नवखे. स्वयंपाकाची गाडी पुढे जाऊन मुक्काम टाके. ती गाडीही गुडनाइटनंच १८६६ साली लष्कराच्या जुन्या गाडीला मागं कप्प्यांची पेटी बसवून तयार केली होती. त्यात घेवड्याचे दाणे, आंबवलेल्या पिठाचं मडकं, कॉफी. रात्री स्वयंपाकी गाडीचा दांडा ध्रुवताऱ्याकडे करून ठेवी, म्हणजे सकाळी आभाळ भरलेलं असलं तरी उत्तर कुठं ते कळे. रात्री दोघे जण घोड्यावरून कळपाभोवती उलटसुलट फेऱ्या घालत आणि गात. बसलेल्या जनावराला माणसाचा ओळखीचा आवाज ऐकू येत राहिला तर ते अचानक दचकत नाही. वीज कडाडली की मात्र गाणं उपयोगी पडत नसे. तीन हजार जनावरं अंधारात उधळत आणि पोरं काही न दिसता त्यांच्या पुढे घोडे घालत. या कामाचा पगार महिन्याला तीस-चाळीस डॉलर.

ही पोरं कोण होती, तेही सांगायला हवं. दोर टाकणं, डागणं, घोड्यावरून गुरं वळवणं ही सगळी विद्या मेक्सिकन गुराख्यांची, व्हाकेरोंची. दक्षिण टेक्सासातल्या रिचर्ड किंगनं तर १८५०च्या दशकात दुष्काळात सापडलेल्या एका अख्ख्या मेक्सिकन गावालाच आपल्या रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणावर, आणून वसवलं. गुलामीतून सुटलेले काळे पुरुषही मोठ्या संख्येनं होते. चार काउबॉयांत एक काळा असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

त्यातला एक बोस आयकार्ड. मिसिसिपीत गुलाम म्हणून जन्मला, लहानपणीच मालकाबरोबर टेक्सासात आला, आणि १८६६पासून गुडनाइट-लव्हिंगच्या कळपांबरोबर चालला. गुडनाइटचा त्याच्यावर इतका भरवसा होता की विक्रीचे पैसे बोसकडे दिले जात. लुटारूंना काळ्या माणसाकडे पैसे असतील असं वाटत नसे. १८६७ साली कोमांचींच्या हल्ल्यात जखमी होऊन लव्हिंग फोर्ट समनरला वारला. आपल्याला परक्या मातीत ठेवू नका, हे त्याचं शेवटचं मागणं. गुडनाइटनं तेलाचे डबे सपाट करून त्यांची पेटी बनवली, कोळशाच्या भुग्यात मृतदेह ठेवला आणि शेकडो मैलांवर टेक्सासातल्या वेदरफर्डला नेऊन पुरला. बासष्ट वर्षांनी, १९२९च्या जानेवारीत, बोस आयकार्ड गेला आणि त्यालाही त्याच दफनभूमीत जागा मिळाली. नव्वदी ओलांडलेल्या गुडनाइटनं त्याच्यासाठी दगड कोरून घेतला. चार वर्षं माझ्याबरोबर होता, कधी कामात कुचराई केली नाही की हुकूम मोडला नाही, अनेक उधळणींत माझ्यासोबत घोडा घातला, कोमांचींशी तीन झटापटींत लढला, अशा अर्थाचा मजकूर. त्याच डिसेंबरात गुडनाइटही गेला. त्या दगडातलं प्रेम खरं आहे, यात मला शंका नाही. तरी त्यावरचा हुकमाचा उल्लेख मला खुपतो. त्या वाटेवर नुसता हुकूम पाळून कोणी वाचत नव्हतं. काळोखात कुठं वळायचं हे बोसला त्याच्या स्वतःच्या अकलेनं ठरवावं लागत होतं.

हे फुकटचं गवत मोकळं कसं झालं, ती गोष्ट मला सगळ्यात जड जाते. त्या गवतावर काही कोटी बायसन, गव्यासारखी केसाळ रानजनावरं, चरत होते आणि त्यांच्यावर कोमांची, कायोवा, शायान अशा जमातींचं जगणं उभं होतं. अन्न, कपडा, तंबू, दोर, सगळं त्या एका जनावराचं. १८७०च्या सुमारास बायसनचं कातडं कमावण्याची नवी रीत निघाली, कारखान्यांतल्या यंत्रांच्या पट्ट्यांसाठी त्याला मागणी आली आणि शिकाऱ्यांच्या टोळ्या मैदानात उतरल्या. कातडं सोलायचं, बाकी धूड तिथंच सडू द्यायचं. १८८०चं दशक संपेपर्यंत साधारण हजारभर बायसन उरले. पुढे आलेल्या शेतकऱ्यांनी त्यांची हाडं गोळा करून खतासाठी रेल्वेला विकली आणि त्या पैशांवर पहिली वर्षं काढली.

टेक्सासच्या उत्तर टोकाला, आजच्या ॲमरिलोजवळ, पालो ड्युरो नावाची घळ आहे. सुमारे १९० किलोमीटर लांब, ठिकठिकाणी अडीचशे मीटर खोल. वरून बघताना सपाट मैदान अचानक फाटून आत लाल-पिवळ्या मातीच्या पायऱ्या दिसतात, तळाला झरा आणि झाडी. भाची डॅलसला राहते म्हणून मला तिथं जाता आलं. थंडीत वारा वरच्या वर जातो आणि तळाशी ऊब राहते, हे उतरताना कानालाच कळतं. ज्याला जनावरं सांभाळायची आहेत त्याला ही जागा बघताक्षणी आवडेल. कोमांची, कायोवा आणि शायानांनाही याच कारणानं ती आवडत होती. २८ सप्टेंबर १८७४च्या पहाटे अमेरिकी लष्करातल्या कर्नल मॅकेन्झीचे सैनिक कड्यावरून एकामागे एक उतरले. माणसं फार मेली नाहीत, बहुतेक निसटली. पण तंबू, हिवाळ्यासाठी वाळवून ठेवलेलं मांस, सगळं जाळलं गेलं आणि घोडे पकडले गेले. त्यातले हजारांहून अधिक घोडे मॅकेन्झीनं दुसऱ्या दिवशी गोळ्या घालून मारले. घोड्याविना, अन्नाविना हिवाळा कसा काढणार? पुढच्या वर्षी क्वाना पार्करच्या नेतृत्वाखालचे उरलेले कोमांचीही शरण आले.

आणि १८७६ साली गुडनाइट १,६०० गुरं घेऊन त्याच घळीत उतरला. गाडी सुटी करून, दोरांनी तुकड्या-तुकड्यानं कड्यावरून खाली सोडली. घळीत उरलेले बायसन हाकलून दिले. जॉन अडेअर या आयरिश जमीनदाराच्या भांडवलावर तिथं जेए रँच उभी राहिली. भरात असताना तिच्याकडे तेरा लाख एकरांवर लाखभर गुरं होती.

१८७८च्या हिवाळ्यात क्वाना पार्कर आपल्या लोकांना घेऊन त्या घळीत परत आला. सरकारनं त्यांना नेमून दिलेल्या राखीव प्रदेशात शिधा पुरत नव्हता, म्हणून शिकारीची परवानगी काढून ते बायसनच्या शोधात आले होते. बायसन नव्हतेच. भुकेल्या माणसांनी गुडनाइटची गुरं मारायला सुरुवात केली. गुडनाइट बोलायला गेला. ही जमीन कुणाची, यावरून वाद झाला, आणि शेवटी ठरलं की बायसन सापडेपर्यंत दिवसाआड दोन जनावरं गुडनाइटनं द्यायची आणि त्यांनी कळपाला हात लावायचा नाही. दोघांची मैत्री पुढे आयुष्यभर टिकली. मला त्या मैत्रीचा आदर आहे. पण देणाऱ्याकडे द्यायला काय होतं आणि ते कुठून आलं होतं, हे क्वानाला नक्की माहीत होतं.

गुडनाइटची बायको मेरी ॲन, जिला सगळे मॉली म्हणत, १८७७ साली त्या घळीत राहायला आली. सर्वांत जवळचं शेजारघर शंभरेक किलोमीटरवर. नवरा आणि काउबॉय दिवसच्या दिवस बाहेर. एकदा एका गुराख्यानं तिच्यासाठी पोत्यातून तीन कोंबड्या आणल्या, जेवणासाठी. मॉलीनं त्या कापल्या नाहीत. त्या हाक मारली की येतात, मागे मागे फिरतात, बोलायला कोणीतरी आहे, असं ती सांगायची. रात्री तिला बायसनच्या पोरक्या वासरांचं हंबरणं ऐकू येई. शिकारी माद्या मारून जात आणि पिल्लं तशीच राहत. तिनं नवऱ्याच्या मागे लागून काही पिल्लं धरून आणवली, गाईंच्या दुधावर वाढवली. दक्षिणेच्या मैदानातले बायसन वंशासकट संपले नाहीत याचं फार मोठं श्रेय या बाईला जातं. तिच्या कळपाचे वंशज जेए रँचनं १९९७ साली टेक्सास सरकारला दिले. ते आता केप्रॉक कॅन्यन्स नावाच्या उद्यानात चरतात. मूळची पिल्लं मोजकीच, त्यामुळे रक्त फार जवळचं झालं होतं. २००३ साली न्यू मेक्सिकोतून तीन वळू आणून सोडले, त्यानंतर कळप पुन्हा वाढू लागला.

गुरांच्या मागोमाग शेतकरी आले. १८६२च्या होमस्टेड कायद्यानं कोणाही प्रौढ कुटुंबप्रमुखाला, एकट्या बाईलाही, १६० एकर जमीन देऊ केली. अट एवढीच की पाच वर्षं राहायचं आणि कसायची. नेब्रास्का-कॅन्ससच्या उघड्या मैदानात लाकूड नाही, दगड नाही. लोकांनी नांगरानं गवताच्या मुळांनी घट्ट विणलेल्या मातीच्या लांब पट्ट्या उलटल्या, त्यांचे तुकडे केले आणि गवताची बाजू खाली करून एकावर एक रचत घरं बांधली. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. पण पाऊस थांबला तरी छत दोन दिवस गळत राही आणि आढ्यातून साप पडत. जळणाला रानशेणी. बायका पदराएवढ्या ओट्यात बायसनच्या आणि मग गुरांच्या वाळक्या शेणी वेचून आणत, सुरुवातीला नाक मुरडत, नंतर सवयीनं. सॉलोमन बुचर नावाच्या छायाचित्रकारानं १८८६पासून नेब्रास्काच्या कस्टर काउंटीत या घरांचे आणि माणसांचे फोटो काढले. त्यातल्या एका फोटोत एक कुटुंब माळावर ऑर्गनभोवती उभं आहे. त्या घरच्या बाईला मागे राहिलेल्या नातेवाइकांना आपला ऑर्गन दाखवायचा होता आणि मातीचं घर दाखवायचं नव्हतं, म्हणून तो जड ऑर्गन बाहेर आणवला आणि फोटो झाल्यावर पुन्हा आत नेला. त्या एका फोटोसमोर मी फार वेळ काढला आहे.

१६० एकरांचा आकडा पूर्वेच्या पावसाळी मुलखातला होता. कोरड्या पश्चिमेत तेवढ्यावर ना पीक धड, ना गुरं. जॉन वेस्ली पॉवेल या एका हाताच्या भूगर्भशास्त्रज्ञानं १८७८ सालीच सरकारला अहवाल दिला होता की या भागात चराऊ शेत निदान २,५६० एकरांचं हवं आणि जमिनीच्या सीमा पाण्याच्या हिशेबानं आखायला हव्यात. कुणी ऐकलं नाही. कित्येक कुटुंबं त्या आकड्यात बुडाली.

काटेरी तार याच सुमारास आली. इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडनला २४ नोव्हेंबर १८७४ रोजी तिचं पेटंट मिळालं आणि दहा वर्षांत मैदान विभागलं गेलं. पाणवठा ज्याच्या कुंपणात, गवत त्याचं. १८८३ साली टेक्सासात लोक रात्री कुंपणं तोडत फिरत होते, १८८४ साली कुंपण तोडणं गंभीर गुन्हा ठरलं. टेक्सासच्या उत्तर टोकाच्या रँचवाल्यांनी उत्तरेकडून येणारी परकी गुरं अडवायला शेकडो किलोमीटर लांब तारेची भिंत घातली. हिमवादळात जनावर वाऱ्याकडे पाठ करून चालत सुटतं, आडोसा मिळेपर्यंत. १८८६च्या जानेवारीत वादळ आलं, गुरं दक्षिणेकडे चालत त्या तारेपाशी आली आणि तिथंच थिजली. मागची पुढच्यांवर चढली. हजारो जनावरांच्या राशी तारेला लागल्या.

त्यापुढचा हिवाळा उत्तरेत आला. तोवर एडिंबरा, डंडी, लंडनचे भागधारक या धंद्यात उतरले होते. गुरं प्रत्यक्ष न मोजता वहीतल्या आकड्यांवर खरेदी होत होती आणि माँटाना-वायोमिंगचं गवत पेलेल त्याहून कितीतरी जास्त जनावरं तिथं सोडली होती. १८८६चा उन्हाळा कोरडा गेला. नोव्हेंबरात बर्फ सुरू झालं, मधे थोडं वितळून पुन्हा गोठलं आणि गवतावर काचेसारखा थर बसला. बायसन आपल्या जड डोक्यानं बर्फ बाजूला सारून खातो. गाईला ते जमत नाही. जानेवारी १८८७मध्ये महावादळ आलं. कित्येक रँचवर निम्म्याहून अधिक कळप मेला. वसंतात नद्यांना पूर आला तेव्हा पाण्यातून मेलेली जनावरं वाहत होती. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टचीही डकोटातली बरीचशी गुरं त्यात गेली आणि त्यानं हळूहळू त्या धंद्यातून अंग काढून घेतलं. माँटानातला रँचवाला ग्रॅनव्हिल स्टुअर्ट म्हणाला की ज्या जनावराला मी खाऊ घालू शकत नाही, आसरा देऊ शकत नाही, ते मला पुन्हा कधीही बाळगायचं नाही.

स्टुअर्टचं हे बोलणं वाचलं तेव्हा मला माणदेशातल्या चारा छावण्या आठवल्या. २०१३च्या उन्हाळ्यात ओळखीची कुटुंबं जनावरांसकट छावणीत जाऊन राहिली होती. बाई, मुलं, सगळी. जनावर विकून मोकळं होण्याचा मार्ग समोर होता, आणि तरी ती माणसं तिथं पत्र्याखाली बसून होती. १८८६ साली वहीवरून हजारो गुरं विकत घेणाऱ्या लंडनच्या सभ्य गृहस्थांनी त्यातलं एकही जनावर पाहिलं नव्हतं. माझा राग त्यांच्यावर आहे. बर्फात कुडकुडत गुरं शोधत फिरणाऱ्या चाळीस डॉलरच्या पोरांवर नाही.

मोकळं कुरण तिथं संपलं. १८६६ ते १८८७, जेमतेम वीस वर्षं. त्यानंतर रँचवाले गवत कापून गंज्या लावू लागले, कुंपणात मोजकी गुरं ठेवू लागले, पवनचक्कीनं पाणी उपसू लागले. काउबॉयचा बराच वेळ घोड्याऐवजी खुरप्या-पहारीबरोबर जाऊ लागला. यावर सिनेमा निघत नाही.

आमच्या कृष्णेचा संबंध येतो तो गोचिडांमुळे. टेक्सासची गुरं जिथून जात तिथली स्थानिक गुरं मरत. मूत्र लाल, अंगात ताप, चार दिवसांत खेळ खलास. टेक्सासची गुरं मात्र धडधाकट. मिसुरी-कॅन्ससचे शेतकरी बंदुका घेऊन वाटा अडवत, कायदे करत. पुढे गुडनाइट आणि त्याच्या शेजाऱ्यांनीही दक्षिणेच्या कळपांना आपल्या मुलखातून अशीच बंदुकीच्या जोरावर बंदी घातली. रोगाचं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. १८९३ साली थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी दाखवून दिलं की रोगाचे जंतू गोचीड पसरवते. चावणारा बारीक जीव रोग नेतो, हे रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादेत मलेरियाच्या डासाबद्दल सिद्ध केलं त्याच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. टेक्सासच्या किनाऱ्यावरचा 'शांघाय' पियर्स नावाचा मोठा रँचवाला म्हणत असे की वशिंडाच्या हिंदी गुरांना गोचीड लागत नाही, ती आणायला हवीत. तो १९०० साली गेला. त्याचा भाचा ए. पी. बॉर्डन यानं १९०६ साली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या मदतीनं परवानगी मिळवून, हिंदुस्थानातून ३० वळू आणि ३ कालवडी पियर्स रँचवर नेल्या. अशा आयात गुरांपासून जी जात तयार झाली तिला १९२४ साली संघटना स्थापन होताना ब्रह्मन हे नाव मिळालं. तिच्या मुळाशी कांकरेज, ओंगोल, गीर आणि कृष्णा व्हॅली या जाती आहेत.

कृष्णा व्हॅली म्हणजे आमच्याकडची, सांगली-मिरज-विजापूरच्या काळ्या रानातली. दक्षिण मराठा संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुद्दाम घडवलेली जात. ओल्या काळ्या मातीतून नांगर ओढायला अंगानं मोठं, संथ, ताकदीचं जनावर हवं होतं. ट्रॅक्टर आल्यावर त्याची गरज सरली आणि आता ते शोधावं लागतं. टेक्सासात तेच रक्त उन्हात, गोचिडांत तग धरतं म्हणून जपलं गेलं, मांसासाठी. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि दोन्हींचं मला वाईट वाटतं.

डॅलसहून परत आल्यावर मी हे सगळं मामाला सांगत होते. मामाच्या आजोबांच्या दावणीला तसली जोडी होती म्हणे. फोनमधले ब्रह्मन वळूचे फोटो त्यानं वशिंडापासून खुरापर्यंत नीट बघितले.

"कान आपलेच हायत," तो म्हणाला. "औताला जुंपत्यात का?"

"नाही मामा. खायला."

तो थोडा वेळ फोटो मोठा करून बघत राहिला. "थंडीत वैरण घालत्यात न्हवं?"

"आता घालतात. पूर्वी नव्हते घालत." मग मी त्याला १८८६ आणि १८८७चे हिवाळे सांगितले. काचेसारखं बर्फ, तारेपाशी पडलेली जनावरं. पॉवेलच्या अहवालावर मात्र तो सरसावून बसला.

"एका गाईला किती रान लागतं गं तिकडं?"

"कोरड्या भागात वीस-पंचवीस एकर. काही ठिकाणी त्याच्याहून जास्त."

"आन् सरकारनं दिलं एकशे साठ?" मामानं बोटांवर मोजलं. "म्हंजे सात-आठ गाई. त्येच्यात कसं भागायचं पोराबाळांचं?" मग तो आपल्या गावावर आला. गावाचं शिवार बाराशे एकर. "वीसनं धर. साठ गाई. अख्ख्या गावाला मिळून साठ, पोरी. नुसत्या आपल्या गल्लीत तेवढी जनावरं हायत."